अडाणी ताप

आमच्या घराला दोन खोल्या होत्या आणि त्यातली मोठी खोली कापसाची होती.

कापूस आमचा नव्हता. आमच्याकडं वावर नव्हतं, माझ्या आज्याकडंही नव्हतं. गावातल्या ज्या शेतकरी काकांच्या वावरात माय वेचणीला जायची, त्यांचा तो कापूस. नव्वदचं दशक संपता संपता कापसाचा भाव जो बसला तो उठेचना, आणि आज वाढेल, उद्या वाढेल म्हणत गावातल्या लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला. काकांचं घर आढ्यापर्यंत भरलं. उरलेला त्यांनी आमच्या खोलीत आणून रचला आणि त्याबद्दल आम्हाला ज्वारी देत गेले. माय, बाबा आणि आम्ही तीन भावंडं चुलीच्या खोलीत आणि ओसरीवर आलो.

त्या सालांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. पण ज्यांच्याकडं पिकवायलाच काही नव्हतं, त्यांचं कोणी फारसं लिहिलं नाही, म्हणून मी हे लिहिते. बाबा दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये रेच्यावर होते. रेचा म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारं मशीन. कापूस लोकांच्या घरात अडकला की रेचा उपाशी, आणि रेचा उपाशी की आम्ही. पूर्वी दिवाळीला लागलेलं काम उन्हाळ्यापर्यंत पुरायचं. त्या सालांत बाबा मकरसंक्रांतीलाच घरी येऊन बसले. मग मायची वेचणी, काकांची ज्वारी, आणि बाबांना मिळेल ते काम. भाजी नसली की चटणी, चटणीला तेल नसलं की पाणी.

कापसाच्या घरात राहिलेल्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागत नाही, ती म्हणजे खाज. मानेला, पोटाला, काखेत. शाळेच्या पोरांना त्यावरून ओळखता यायचं, कोणाच्या घरात कापूस आहे आणि कोणाचा विकला गेला. दुसरी गोष्ट उंदीर. सरकी म्हणजे उंदराला पंगत. पण बाबांचा स्वभाव असा, की ते कशालाच रडायचे नाहीत.

"भाडेकरू लय चांगला भेटला," ते म्हणायचे. "बोलत नाई, भांडत नाई, पानी मांगत नाई."

"त्याचे पाहुने मोजा जरा," माय म्हणायची. "राती माह्या डोक्यावरून लगीन लागल्यावानी वरात गेली."

त्या वरातीनं माझी पुस्तकं कुरतडली. प्राणिशास्त्राच्या पुस्तकाचे कोपरे गेले, नेमकं उंदराच्या विच्छेदनाच्या आकृतीचं पान मात्र शाबूत राहिलं. बाबा ते पान उजेडात धरून म्हणाले, "सोताचं पोस्टमार्टम पाहून पयाला असन."

मी तेव्हा यवतमाळच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. सूक्ष्मजीवशास्त्र. आमच्या वस्तीतून सायन्सला जाणारी मी पहिली, आणि आमच्या घरातून कॉलेजात जाणारीच पहिली. हे मी अभिमानानं सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सकाळच्या एस.टी.नं जायचे, संध्याकाळच्या एस.टी.नं यायचे. आमचं गाव अडाण नदीच्या काठी, म्हणून वर्गातल्या पोरी मला 'अडाणी' म्हणायच्या. "अडाणी आली का गं?" "अडाणीची जागा ठेव." पहिल्या वर्षी राग यायचा. दुसऱ्या वर्षी पहिला नंबर आला, तेव्हा मीच म्हणायला लागले, "अडाणीची वही पाहिजे का?"

शेवटच्या वर्षी आमच्या सरांनी मला सांगितलं की पहिला वर्ग मिळव आणि अमरावतीला एम.एस्सी.ला जा. शिष्यवृत्तीचं ते पाहतील म्हणाले, वसतिगृहाचंही. घरी सांगायचं तेवढं माझ्याकडं होतं.

बाबा अंगणात विळ्याला धार लावत होते.

"अमरावतीले कायले?"

"पुढं शिकायला."

"काय शिकतं तू?"

"सूक्ष्मजीवशास्त्र."

"ते काय असते?"

"डोळ्याला दिसत नाहीत असे जीव असतात, त्यांचा अभ्यास."

"दिसत नाई ते पाहाले अमरावतीले जा लागते?" बाबांनी विळ्याची धार अंगठ्यावर पाहिली. "सरपंच म्हनत होते, अंगनवाडीत मदतनिसाची जागा हाय. गावातच हाय. मायच्या नजरेसमोर."

अंगणवाडी वाईट नव्हती. पण मला अमरावती पाहिजे होती, आणि ते माझ्या तोंडावर दिसत असणार, कारण बाबांनी विळा बाजूला ठेवला.

"हे पाह्य. मी रेच्यावर काम करतो. रेचा काय करते हे मी तुले चहा थंडा व्हाच्या आत सांगतो. सरकी इकडं, रुई तिकडं. झालं. तू तीन वर्स शिकली. त्यातली मले एक गोष्ट सांग. एकच. पन पुरी सांग, मले समजली पायजे. समजली त तुही पेटी मी सोता डोक्यावर घेऊन फाट्यावर येतो. नाई समजली, त त्याचा अर्थ तुलेबी नाई समजली. मंग अंगनवाडी."

माय आतून म्हणाली, "अन् हे झोपले त?"

"मी झोपलो त तिची हार," बाबा म्हणाले.

अशी माझी खरी परीक्षा ठरली. विद्यापीठाची दुसरी.

विषय शोधावा लागला नाही. कॉलेजात प्रत्येकाला एका विषयावर सेमिनार द्यायचा होता, म्हणजे वर्गासमोर उभं राहून बोलायचं आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची. सरांनी चिठ्ठ्या काढल्या. माझ्या चिठ्ठीत निघालं: उंदरांपासून माणसाला होणारे विषाणूंचे रोग. वर्ग हसला, कारण माझ्या वहीचे कुरतडलेले कोपरे सगळ्यांनी पाहिले होते. मी म्हटलं, हेच बाबांना सांगू. उंदीर तरी त्यांच्या ओळखीचे आहेत.

रविवारी ओसरीवर मी कोळशानं एक गोल काढला आणि त्याला भोवती काटे काढले.

"हे काय, धोतऱ्याचं बोंड?"

"विषाणू. हा उंदराच्या अंगात राहतो. उंदराला काही करत नाही. जन्मभर राहतो, उंदीर खातो-पितो, मजेत असतो. पण उंदराच्या मुतातून, लेंड्यांतून, थुंकीतून हा बाहेर पडतो. ते वाळतं, त्याची धूळ होते, ती धूळ माणसाच्या श्वासात गेली की माणूस आजारी पडतो."

"उंदराले काही नाई, मानसाले दुखनं. बरोबर. पुढं."

"असे बरेच विषाणू आहेत, एकमेकांचे नातेवाईक. प्रत्येकाचा उंदीर वेगळा. कोरियाकडचा जो आहे त्यानं ताप येतो, अंगात रक्त झिरपतं आणि किडनी बंद पडते. अमेरिकेकडचा जो आहे त्यानं ताप येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. माणूस श्वास घेताना बुडतो."

"नातेवाईक हायत त दुखनं येगळं काहून?"

इथं मी पुस्तक उघडलं. पुस्तक इंग्रजीत. मी एकेक वाक्य मराठीत करत गेले, आणि चौथ्या वाक्याला पाहिलं तर बाबांची मान छातीवर गेलेली.

"झोपले," माय म्हणाली. "अंगनवाडी."

"झोपलो नाई," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "इचार करून राह्यलो. त्या विषानूचं नाव काय म्हनलं?"

"हंता."

बाबा एकदम सरळ बसले. "हंता? वंदनेतला?"

आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ वंदना व्हायची आणि बाबांचं पाठांतर वस्तीत सगळ्यांत पक्कं होतं. त्यातला एकेक शब्द त्यांनी विहारातल्या भंतेजींकडून विचारून घेतलेला. "अरहंत म्हंजे काय? अरि म्हंजे शत्रू, हंता म्हंजे मारनारा. आपल्या मनातल्या शत्रूले मारनारा. हा तुहा हंता म्हंजे नुसताच मारनारा. नावातच सांगतलं की त्यायनं."

मला ते इतकं पटलं की मी वहीत लिहून घेतलं. खरं सांगते, मला एका क्षणासाठीही शंका आली नाही. हंता म्हणजे मारणारा, हे कोणत्याही मराठी माणसाला सांगावं लागत नाही. विषाणू मारतो, नाव हंता. यात चुकायला जागा कुठं आहे?

सेमिनारच्या दिवशी बाहेरच्या कॉलेजातून एक मॅडम परीक्षक म्हणून आल्या होत्या. पिवळी सुती साडी, चष्मा दोरीला बांधलेला. मी मावस बहिणीचा पंजाबी ड्रेस घालून गेले होते. सुरुवातच मी त्या वाक्यानं केली, पाठ केलेल्या इंग्रजीत: या विषाणूला हंता म्हणतात, कारण पाली आणि संस्कृतमध्ये हंता म्हणजे ठार मारणारा. आमच्या सरांनी कौतुकानं मान डोलावली. पुढचं सगळं मी धडाधड बोलले. कोणता विषाणू, कोणता उंदीर, कोणता देश, कोणता अवयव.

बोलून झाल्यावर मॅडमनी विचारलं, "नावाची ही माहिती कुठं वाचली?"

"वाचली नाही मॅडम. वडिलांनी सांगितली."

"ते काय करतात?"

"जिनिंगमध्ये आहेत. रेच्यावर."

वर्गात कोणीतरी फिस्सकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "वडिलांचं पाली बरोबर आहे. विषाणूचं नाव मात्र कोरियातल्या एका नदीवरून आहे. तिकडं हंतान नावाची नदी आहे. तिच्या काठच्या भागात हा सापडला, म्हणून हंता."

मी सरांकडं पाहिलं. सर खिडकीबाहेर पाहत होते. मघाशी डोलावलेली मान आता कुठं ठेवावी, ते त्यांना कळत नसावं.

"ते असू दे," मॅडम म्हणाल्या. "मला हे सांग. हे सगळे एका कुळातले. मग एक किडनीवर का जातो आणि दुसरा फुप्फुसावर का?"

बाबांचाच प्रश्न. शब्दन् शब्द तोच. इंग्रजीतलं उत्तर मी पाठ केलं होतं, पण नदीनं माझी सगळी इंग्रजी वाहून नेली होती. मी म्हटलं, "मराठीत सांगू का?" त्या म्हणाल्या, "सांग की."

आणि माझ्या तोंडातून निघालं, "मॅडम, माझी माय आणि माझ्या दोन मावश्या, या तिघी सख्ख्या बहिणी आहेत."

आता हसायला वर्गाला परवानगीच मिळाल्यासारखं झालं. पण मी थांबले नाही, थांबले असते तर संपलेच असते.

"तिघींचा स्वभाव एकच, तापट. तो त्यांच्या मायकडून आला. पण तिघी तीन घरी गेल्या. मोठी मावशी ढाणकीला, मोठ्या खटल्याच्या घरात. तिथं सुनेनं तोंड उघडायचं नाही. म्हणून तिचा राग आत जातो. रागावली की ती बंद पडते, बोलत नाही, जेवत नाही. धाकटी पांढरकवड्याला, हायवेवर, त्यांचा चहा-भज्यांचा ठेला आहे. ट्रकच्या आवाजात बोलायचं तर ओरडावंच लागतं. ती रागावली की तिला दम लागेस्तोवर ओरडते. माझी माय मधली. ती भांडी आपटते, मग सगळ्यांना चहा देते. राग एकच आहे, घरं वेगळी म्हणून तो निघतो वेगळ्या वाटेनं. आणि त्यांच्या सासरच्यांना त्याचं काही वाटत नाही, ते सरावलेत. हादरतो तो नवा पाहुणा. तसा प्रत्येक विषाणू आपापल्या उंदराच्या घरी नांदतो. उंदीर सरावलेला असतो. माणूस हा पाहुणा."

मॅडमनी चष्मा काढला.

"म्हणजे ढाणकीची मावशी किडनी आणि पांढरकवड्याची फुप्फुस."

"हो मॅडम."

"आणि आई?"

"युरोपातला सौम्य प्रकार. त्यात माणूस बहुधा बरा होतो."

त्या हसल्या, अगदी मोकळ्या हसल्या. मग म्हणाल्या, "दोन्ही आजारांत मुळात घडतं काय, ते तू सांगायला हवं होतंस. रक्ताच्या बारीक नळ्या गळक्या होतात. शरीराचं स्वतःचंच सैन्य खवळतं, त्यात नळ्यांची वाट लागते. ती गळती एकात जास्त करून किडनीत, दुसऱ्यात फुप्फुसात. पण नेमकं असं का, ते अजून पुरतं कोणालाच माहीत नाही. माहीत नाही, हेही उत्तरात सांगावं."

मार्क चांगले मिळाले. नदीचे कापले असतील, मावश्यांचे मिळाले असतील.

संध्याकाळी फाट्यावर उतरले तर बाबा वाट पाहत उभे. "काय झालं वं? सांगतलं का हंताचं?"

"सांगितलं. चुकलं. हंता म्हणजे मारणारा नाही बाबा. कोरियातल्या नदीचं नाव आहे."

बाबांनी माझी पिशवी घेतली आणि पुढं चालू लागले. मला वाटलं त्यांना लागलं. घरी आल्यावर त्यांनी पायावर पाणी घेतलं, बसले, आणि मायला म्हणाले, "नदीवरून नाव ठेवते म्हनते तापाचं. पैनगंगेवर सापडला त पैनगंगा ताप."

माय भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "अन् आपल्या नदीवर सापडला त?"

बाबा बोलायला गेले आणि थांबले.

"अडाणी ताप," माय म्हणाली.

आम्ही सगळे असे हसलो की पलीकडच्या घरातून विचारणा झाली, काय झालं म्हणून. धाकटा भाऊ तर ओसरीवर लोळलाच. "मले झाला होता दहावीत," तो म्हणाला. "दोन डाव." तीन वर्षं कॉलेजात ऐकलेला तो शब्द त्या दिवशी मला पहिल्यांदा आपल्या घरचा वाटला.

हसून झाल्यावर बाबा डोळे पुसत म्हणाले, "पन हे नावाचं झालं. नातेवाईक असून दुखनं येगळं काहून, ते मले अजून नाई समजलं. अट तशीच हाय."

मावश्यांचं मी घरी सांगितलं नव्हतं. माय समोर बसलेली. तिच्या बहिणींना मी भर वर्गात विषाणू केलं, हे ऐकून भांडी आपटली गेली असती, आणि ती भांडी तरी आमच्याकडं किती होती.

उत्तर आलं ते एप्रिलात, जयंतीला. त्याच आठवड्यात काकांनी भाव वाढायची वाट पाहणं सोडलं आणि कापूस काढला. गाडीत कापूस चढताना ते बाबांना म्हणाले, "घ्या, मोकळी केली तुमची खोली." बाबा म्हणाले, "भाडेकरू गेला. पाहुने ठेवून गेला." खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात सरकीच्या टरफलांचा आणि लेंड्यांचा थर होता.

जयंतीसाठी दोन्ही मावश्या येणार होत्या. वस्तीत निळ्या पताका लागल्या होत्या, खिरीसाठी दूध जमवणं चालू होतं. ढाणकीची मावशी सकाळच्या जीपनं आली, पांढरकवड्याची तिच्यामागून, दारातूनच बोलत. "काय वं, अंदर कापूस नाई आता? बाप रे, केवढं घर दिसून राह्यलं. मी झाडते, तुम्ही चहा मांडा." आणि पदर खोचून तिनं फडा उचलला.

"थांबा बाई," बाबा म्हणाले. "कोरडं नका झाडू."

"काहून?"

"धूळ उडन. उंदराच्या मुताची धूळ. ते छातीत जाते अन् ताप येते." बाबांनी माझ्याकडं पाहिलं. "बरोबर?"

बरोबर होतं. आमच्याकडं तो हंताचा ताप कोणाला झाल्याचं मी तेव्हाही ऐकलं नव्हतं, पण उंदराच्या मुतातून येणारे दुसरे ताप आहेत आणि खबरदारी म्हणून हे चांगलंच. मी तसं सांगितलं. बाबा जाऊन ग्रामपंचायतीच्या शिपायाकडून विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर मूठभर घेऊन आले. बादलीत कालवली, दारं उघडी टाकली, खोलीभर ते पाणी शिंपडलं आणि मुरेपर्यंत सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

"उंदराचा ताप," पांढरकवड्याची मावशी म्हणाली. "भाऊजी, तुम्ही डाक्टर कवा झाले?"

"मी नाई. हे शिकून राह्यली." बाबा माझ्याकडं वळले. "सांग वं आता, सगळे हायत. नातेवाईक विषानू, अन् दुखनं येगळं. काहून?"

आता सुटका नव्हती. मी मायकडं पाहिलं, मोठ्या मावशीकडं पाहिलं, धाकटीकडं पाहिलं, आणि म्हटलं, "सांगते, पण रागावायचं नाही." आणि वर्गात सांगितलं होतं तसंच्या तसं सांगितलं, मॅडमच्या गळक्या नळ्यांसकट.

संपलं तेव्हा बाहेर लाउडस्पीकरवाल्याचं 'हॅलो, हॅलो' चालू होतं.

"म्हंजे मी विषानू," पांढरकवड्याची मावशी म्हणाली.

"उदाहरण म्हणून, मावशी."

"अन् छातीत पानी भरनारी मी. अन् हे किडनी." तिनं मोठीकडं बोट केलं. "पोरगी कालेजात जाऊन मावश्यायले उंदराच्या घरी देऊन आली. अवं, आमच्या घरच्यायले उंदीर म्हनलं तुनं, ते कळलं का तुले?" आवाज चढत गेला, चढत गेला, आणि एका ठिकाणी तिला दम लागला.

"पाह्य," बाबा हळूच म्हणाले. "फुप्फुस."

ती हसू दाबायला गेली आणि तिला ठसका लागला. ढाणकीची मोठी मावशी मात्र एक शब्द बोलली नव्हती. ताठ बसली होती, पुढ्यातला चहा तसाच. मायनं कप तिच्या हातात द्यायला पाहिला, तिनं मान वळवली.

"किडनी बंद पडली," माय म्हणाली.

मोठ्या मावशीच्या ओठाचा कोपरा हलला. तिनं कप घेतला आणि एवढंच म्हणाली, "थोरल्यांच्या घरी तोंड उघडलं असतं, त नांदली असती का मी?"

"तेच त सांगून राह्यली ते," बाबा म्हणाले. ते पुढं सरकून बसले होते, आणि मला कळलं की आता ते माझ्याशी बोलत नाहीत, स्वतःशी जुळवत आहेत. त्यांनी वर कौलांकडं बोट केलं. "पाहा बाई. आपल्या कवेलूच्या घरावर पाऊस पडते. पाऊस एकच. कवेलू फुटलं त गळतेच. पन चुलीवर गळलं त चूल इझते, ज्वारीवर गळलं त ज्वारी सडते. पानी तेच, गळते कुठं त्यावर नुसकान. तसं ह्याचं हाय. नळ्या गळतेत. किडनीत गळल्या त लघवी बंद, छातीत गळल्या त दम बंद. व्हय ना वं?"

"व्हय," मी म्हटलं. मी घरी बोलताना कॉलेजची भाषा धरून ठेवायचे, ती तेवढ्यापुरती सुटली.

"मंग एक सांग. ह्याचं चुलीवरच गळते अन् त्याचं ज्वारीवरच गळते. हे कोन ठरवते?"

मॅडमनी सांगितलेलं आठवलं. "ते अजून पुरतं कोणालाच माहीत नाही बाबा."

"तुह्या सरायले?"

"नाही."

"त्या मॅडमले?"

"नाही. मोठमोठे लोक शोधतायत."

बाबांनी बसल्या जागेवरून खोलीत डोकावून पाहिलं. ओली जमीन वाळत आली होती. "मले वाटत होतं, सगळं समजल्यालं असते अन् तुम्ही ते पाठ करता. पाठ कराले कायले जा लागते अमरावतीले, असं वाटे मले. पन बाकीच हाय अजून समजाचं." ते उठले, फडा घेतला आणि खोलीच्या दारात जाऊन म्हणाले, "मंग जाय. अंगनवाडीत ते समजनार नाई."

"पेटी डोक्यावर घेनार म्हनलं होतं तुम्ही," माय म्हणाली.

"घेतो ना. मी कोठी नाई म्हनलं?"

पांढरकवड्याची मावशी म्हणाली, "अन् अमरावतीले आमचं नाव नको सांगू, ऐकलं का?" मोठी म्हणाली, "सांगू दे. कोनी तरी आपलं नाव घेते त घेऊ दे." आणि तिनं चहा संपवला. त्या रात्री दोघी मावश्या त्या खोलीत झोपल्या, खोली आमच्याकडं परत आल्यावरची ती पहिली रात्र.

जूनमध्ये बाबा पेटी डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत आले. सगळ्या वस्तीनं पाहिलं. वाटेत काका भेटले, विचारलं कुठं चालले, तर बाबा म्हणाले, "पोरगी हंता पाहाले चालली. कोरियातल्या नदीचं नाव हाय ते," आणि काकांना जागीच उभं करून त्यांनी कवेलूपासून सगळं सांगितलं. माझी एस.टी. चुकता चुकता राहिली.

अमरावतीला मला हंतावर काम करायला मिळालं नाही. तिथं दुधातल्या जंतूंवर काम चालायचं, मी ते केलं. चूल की ज्वारी हे कोण ठरवतं, त्याचं पुरतं उत्तर मी अजून वाचलेलं नाही, पण वर्गात शिकवताना तो प्रश्न मी कवेलूसकट सांगते.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात पहिल्या वर्गात एम.एस्सी. झाले. आता एका तालुक्याच्या कॉलेजात शिकवते. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली, आमच्या वस्तीतली एम.एस्सी. झालेलीही मीच पहिली.